खांबावर वळताना पाय का घसरतो

खो-खोत खांबाला वळसा घालताना तुझा पाय सुटतो, कारण सगळी मदार तू घर्षणावर ठेवतोस. हिशेब बघ: वजन 50 किलो, वेग सेकंदाला 4 मीटर, वळणाची त्रिज्या 1 मीटर. वळायला वजन × वेग × वेग ÷ त्रिज्या, म्हणजे 50 × 4 × 4 ÷ 1 = 800 न्यूटन बल लागतं, म्हणजे जवळपास 80 किलोचं ओझं! आपल्या धाराशिवकडच्या काळ्या मातीवर उन्हाळ्यात धुळीचा थर असतो. तिथं पायाखालून याच्या निम्मंही मिळत नाही. उरलेलं हातानं घ्यायचं. खांब कमरेच्या उंचीवर घट्ट धर, कोपर किंचित वाकलेलं. ताठ ठेवलंस तर खांद्याला हिसका बसतो. अंग आत झुकव. वेग दीडपट झाला की बल सव्वादोनपट लागतं, म्हणून शेवटची दोन पावलं आखूड टाक. सरावाआधी खांबाभोवती पाणी शिंपडून माती चोपून घे, पण वाळल्यावरच पळ. ओली काळी माती तळव्याला चिकटते नि पाय हमखास निसटतो.