पवित्र आत्म्याची कृपादाने, म्हणजे देवाचा आत्मा सेवेसाठी देतो ती दाने, फक्त पाळकांनाच (पास्टरांनाच) मिळतात का? मंडळीत (चर्चमध्ये) अधिकार नेमका कोणाकडे असतो?

नाही, फक्त पाळकांना नाही. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १२वा अध्याय सावकाश वाचा. आत्म्याचे प्रकटीकरण प्रत्येकाला दिले जाते, आणि तेही सर्वांच्या हितासाठी, असे तो सातव्या वचनात सांगतो. करिंथमध्ये अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषा) बोलणारे स्वतःला वरचढ समजू लागले होते. म्हणून त्याने शरीराचा दाखला दिला: डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही. मला सगळ्यात भिडते ते २८वे वचन. प्रेषित, संदेष्टे (देवाचा संदेश सांगणारे), शिक्षक, चमत्कार यांच्याच रांगेत तिथे मदत करणे आणि व्यवस्था पाहणेही येते. आजाऱ्याजवळ रात्रभर बसणाऱ्या बाईची सेवा हेसुद्धा कृपादानच!

मग अधिकाराचे काय? तो आहेच, पण ख्रिस्ताने दिलेला आणि सेवेसाठी. इफिसकरांस पत्रात (४:११-१२) पाळक आणि शिक्षक कशासाठी दिले? तर पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करायला. याबाबत पंथापंथांत फरक आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरेत दीक्षित धर्मगुरूंचा अधिकार वेगळा मानतात. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणावर, म्हणजे प्रत्येक विश्वासणारा देवापुढे याजकच आहे यावर, भर दिला.

‘मला देवाने सांगितले, प्रश्न विचारू नका’ असे कोणी म्हणाले तर मात्र सावध व्हा. संदेष्टे बोलतील तेव्हा इतरांनी ते पारखावे, असे पौलानेच करिंथकरांच्या त्याच पत्रात (१४:२९) बजावले आहे.