रिसेप्शनला बुफे की पंगत, आणि केटरर कसा ठरवायचा?

चारशे माणसं, पुण्यातलं कार्यालय, संध्याकाळचं रिसेप्शन, केटरर म्हणतोय बुफेच करा आणि तुमचे आईबाबा म्हणतायत पंगत. अहो हेच भांडण आमच्या घरी झालंय आणि खरं सांगायचं तर अजून मिटलेलं नाहीये, म्हणून उत्तर लिहायला बसले. केटरर बुफेच म्हणणार हो, त्याची वाढपी माणसं वाचतात.

माझं मत आधीच सांगते. मेनूकार्डावर किती पदार्थ छापलेत ते बघून केटरर ठरवू नका, शेवटी जेवणाऱ्या शंभर माणसांच्या ताटात काय पडतं ते बघा.

माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नाला मी म्हणत होते की माझ्या माहेरचा साताऱ्याकडचा आचारी आणू, माझ्या लग्नात त्यानेच केलं होतं आणि त्याच्या मसालेभाताचं नाव सासरचे लोकसुद्धा काढायचे. पण भावजी एका केटररकडे टेस्टिंगला जाऊन आले. एसी ऑफिसात बसवून छोट्या छोट्या वाट्यांमध्ये गरम गरम आणून दिलं की काय वाईट लागणार आहे? आल्यावर मला म्हणाले, वहिनी, पंगती तुमच्या गावाकडे चालतात, इथे मुलाकडचे आयटीवाले लोक येणार आहेत. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मग काय, चाळीसच्या वर पदार्थ. डोसा, पास्ता, पाणीपुरी, चायनीज, तीन प्रकारचं पनीर (चव एकच). लोक आधी स्टेजवर आहेर द्यायच्या लाइनीत उभे, तिथून सुटले की ताटाच्या लाइनीत, आणि ताट मिळालं की डोशाच्या. आता हिशोब बघा, एका तव्यावर एका वेळी चार डोसे, तीन-साडेतीन मिनिटं धरा, म्हणजे तासाला सत्तर-ऐंशी डोसे फार तर. माणसं चारशे आणि त्यातली निम्मी डोशासमोर! आत्येसासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना खुर्चीवर बसवून पोरांनी ताट आणून दिलं तर त्या म्हणाल्या, अगं एका हातात ताट, एका हातात ग्लास, आता जेवू कशाने? साडेनऊला पनीर संपलं, जिलेबी गार होऊन चिवट झाली. नवरदेवाचे मामा नुसतं आइस्क्रीम खाऊन गेले आणि हे विहीणबाईंनी आम्हाला पुढचं वर्षभर ऐकवलं. नवरानवरी आणि आम्ही घरचे साडेअकराला बसलो तेव्हा जिरा राइस आणि पाणी घालून वाढवलेली दाल, बास.

वर बिलाचा तमाशा वेगळाच. रेट ताटावर असतो आणि मोजणी वापरलेल्या ताटांची. पोरांनी दुसऱ्यांदा नवीन ताट घेतलं की तुमचं एक माणूस वाढलं. भावजी मध्यरात्री खरकट्या ताटांच्या क्रेटपाशी उभे राहून त्या मॅनेजरशी भांडत होते, आणि मी काहीही बोलले नाही, फक्त बघितलं त्यांच्याकडे.

नंतर त्यांच्याच मुलाची मुंज होती तेव्हा सासूबाईंनी जेवणाचं सगळं माझ्यावर सोपवलं. वरणभात तूप, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, मसालेभात, भजी, जिलेबी, मठ्ठा. संपलं. आचारी तोच, साताऱ्याचा. भावजी स्वतः जिलेबीची परात घेऊन आग्रह करत फिरत होते आणि आता लोकांना सांगतात की पंगतीची कल्पना त्यांची होती. असो.

तुमच्या केटररला एक प्रश्न नक्की विचारा, त्या तारखेला तुमची अजून किती कामं आहेत? दाट मुहूर्ताच्या दिवशी हे लोक एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ऑर्डर घेतात, मुख्य आचारी एकीकडे आणि तुमच्याकडे रोजंदारीवर उचललेली पोरं. टेस्टिंगपेक्षा त्याचं दुसरीकडे रिसेप्शन चालू असेल तिथे शेवटच्या तासाला एक चक्कर मारा, पातेली बघा, भांडी घासायची जागा बघा. मिनिमम गॅरंटी, म्हणजे माणसं कमी आली तरी जेवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा, तीनशेचीच द्या, वरचे लागतील तसे, आणि हे कागदावर घ्या. ताटांच्या थप्पीपाशी आपला एक खमका माणूस बसवा, प्रत्येक घरात एक तसा काका असतोच. बाहेरचा केटरर आणायचा तर कार्यालय त्याची रॉयल्टी, म्हणजे वेगळे पैसे, घेतं का ते ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारा. पाण्याच्या बाटल्या, आइस्क्रीम, जीएसटी रेटमध्ये आहे का तेही. मे महिना असेल तर आमरस ताज्या आंब्यांचा की डब्यातल्या पल्पचा ते विचारा, उत्तर देताना जो चाचरेल त्याचं काय ते समजून घ्या.

आता एवढं पंगतीचं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं की आमची मुंज दुपारची होती आणि माणसं दीडशे. तुमच्याकडे शंभर पानांची पंगत धरली तर वाढून, जेवून, उठून, पुसून पाऊण तास जातो, म्हणजे चार पंगतींना तीन तास, आणि ऑफिसातून थेट आलेले लोक तेवढे थांबत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी बुफेच करावा लागेल बहुतेक. पण काउंटर दोन ठेवा, दोन्ही बाजूंनी घेता येतील असे, पदार्थ दहा-बाराच्या वर नकोत, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पाच-सहा टेबलं मांडून तिथे वाढायला माणसं द्या. हे केटररला आधी सांगितलं तर तो करतो, ऐनवेळी सांगितलं तर माणसं नाहीत म्हणतो. मुहूर्ताचं दुपारचं जेवण असेल तर तिथे पंगत घ्या, म्हणजे आईबाबाही खूश.

बजेट तुम्ही लिहिलेलं नाही, ते लिहा म्हणजे मेनू सुचवते. आणि चायनीजचा काउंटर ठेवू नका, कोणी कितीही म्हणालं तरी.