पूर्ण काळं, 'लिमिटेड' पायलट घड्याळ घ्यायचं आहे. काळा रंग टिकतो का? घेताना काय तपासावं?

किती नग काढलेत हे नंतर बघा, आधी काळा रंग कशाचा आहे ते विचारा. उत्तर तीनपैकी एक येईल.

स्टीलवर पीव्हीडी (निर्वातात चढवलेला पातळ थर) किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर): हा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. डीएलसी स्वतः भलतंच कडक, पण खालचं स्टील साधारण 200 विकर्सचं (विकर्स म्हणजे कडकपणाचं माप), म्हणजे मऊ. दाराच्या कडीवर जोरात आपटलं की स्टील दबतं आणि वरचा थर अंड्याच्या कवचासारखा तडकतो. असा ओरखडा पॉलिश करून जात नाही. थर उतरवून पुन्हा चढवावा लागतो किंवा केसच बदलावी लागते. सिरॅमिक (झिर्कोनियम ऑक्साइड) सुमारे 1200 विकर्स, त्यावर ओरखडे जवळपास उठतच नाहीत. पण फरशीवर पडलं तर टवका उडतो आणि दुरुस्ती नाही. तिसरा प्रकार आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या 'टॉप गन' या पायलट मालिकेतल्या काही घड्याळांत असलेलं सेराटेनियम: टायटॅनियमच्या मिश्रधातूची केस आधी घडवून मग भट्टीत तापवतात, पृष्ठभागच सिरॅमिकसारखा होतो. वरून काही चढवलेलंच नसल्यामुळे पापुद्रा निघायचा प्रश्न येत नाही. रोज वापरणार असाल आणि बजेट असेल तर मी हेच सुचवेन.

वापरलेलं घेताना भिंगाखाली चार जागा बघा: चावीचे दाते, बकलची कड, पट्टा अडकतो त्या कानांच्या कडा आणि त्याच कानांची आतली बाजू. पट्टा बदलताना हत्यार निसटून पहिला चरा तिथेच पडतो. स्वतः बदलणार असाल तर कानांना आतून-बाहेरून चिकटपट्टी लावा.

आता तबकडी. फसगत होते ती इथेच. 1972 साली पोर्शे डिझाइनने पूर्ण काळं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) काढलं ते चकाकी टाळून आकडे पटकन वाचता यावेत म्हणून, आणि त्यावरचे आकडे पांढरे होते. आजच्या 'स्टेल्थ' (रडारला न दिसणाऱ्या विमानांचं नाव लावलेल्या) आवृत्त्यांत आकडेही काळे-करडे करतात, म्हणजे मूळ हेतूच उलटा. (रडारशी याचा काडीचाही संबंध नाही, विक्रेता काहीही सांगो.) करडा किंवा काळा लुमिनस (अंधारात चमकणारा) रंग हिरवट रंगापेक्षा बराच कमी उजळतो. दुकानात टॉर्च अर्धा मिनिट मारा, वीस मिनिटांनी अंधाऱ्या कोपऱ्यात हातभर अंतरावरून वेळ वाचा. तास-मिनिट काटे चटकन वेगळे ओळखू आले नाहीत तर ते घड्याळ नव्हे, दागिना आहे. ट्रिटियम वायूच्या, आपोआप चमकणाऱ्या नळ्या असतील तर उजेडात धरायची गरज नाही, पण उत्पादनवर्ष विचारा. त्यांची चमक साधारण 12 वर्षांत निम्मी होते.

पाण्याबाबत: 30 मीटर लिहिलेलं म्हणजे हात धुणं आणि शिंतोडे, बस्स. पोहायला 100 मीटरवालं घ्या. पावसाळ्यात चामड्याऐवजी कापडी किंवा रबरी पट्टा लावा.

'लिमिटेड'चं म्हणाल तर पाठीवर '137/500' असा स्वतंत्र क्रमांक असतो किंवा नुसतं '500 पैकी एक' कोरलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात केसचा सीरियल नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवा. आणि काळी चावी, बटणं, बकल सुटे किती वर्षं मिळतील हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. ते मिळाले नाहीत तर पुढे चंदेरी चावी लावून फिरावं लागेल.