बाबांच्या मापाची हुडी

निफाड,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय बाळा,

घरच्यांसाठी स्वेटशर्ट आणि हुडी शिवण्याबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर पटकन सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आत्ता एकदा वाच, आणि कापड पुढ्यात घेशील तेव्हा पुन्हा वाच.

मशीन कोणतं घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. आजीचं पायमशीन पुण्याच्या खोलीवर नेलं आहेस ना, ते पुरे आहे. तेलपाणी कर, दात्यांखाली साठलेली लव ब्रशने काढ, पट्टा ढिला असेल तर थोडा कापून परत जोड. झिगझॅगचं मशीन पुढच्या हिवाळ्यात बघू.

कुणाकुणासाठी शिवायचं आहे ते तू लिहिलंस: बाबा, आजी, छोटी, आणि शेवटी स्वतः. हा क्रम वाचून मला फार बरं वाटलं. पण शिवताना तो उलटा धर. पहिला कपडा स्वतःसाठी शिव, आणि तोही बिनटोपीचा साधा स्वेटशर्ट. शेजारीण म्हणून तुझ्या बाबांना मी तीस वर्षं ओळखते. बाही आखूड झाली, काखेतला मुंढा काचला, तरी ते चकार शब्द बोलणार नाहीत. लेकाने शिवलंय म्हणून चार हिवाळे निमूट घालतील आणि आपली चूक तुला कधी कळणारच नाही. तुझ्या अंगावर काचलं की मात्र ऑफिसात बसल्या बसल्या कळेल नेमकं कुठे काचतंय ते.

आता कापड. शर्टाचं मागावरचं कापड आणि होजिअरी यांचा स्वभावच वेगळा. होजिअरीत दोरा फासाफासांनी एकमेकांत अडकलेला असतो, म्हणून ती ताणली जाते आणि सोडली की परत येते. दुकानात गेलास की काठ बोटाने ओढून बघ, तो गोल वळतो. मग उलट बाजू बघ. तिथे बारीक बारीक लूप दिसले तर ते लूपनिट. तेच लूप ब्रशने पिंजून लव काढली असेल तर फ्लीस. दोन्हींचे स्वेटशर्ट होतात. वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. पुण्यात तुला २४० चं लूपनिट पुरेल, इथल्या थंडीला ३०० च्या आसपासचं घे. होजिअरी बऱ्याच ठिकाणी किलोवर विकतात, त्याने गोंधळू नकोस. ३०० जीएसएमचं, १८० सेंटीमीटर पन्ह्याचं कापड किलोला साधारण एक मीटर ८५ सेंटीमीटर भरतं. तेवढ्यात मोठ्या माणसाची एक हुडी बेतते. रिब, म्हणजे गळ्याला आणि मनगटाला लावायचं उभ्या रेघांचं ताणणारं कापड, त्याच दुकानातून, त्याच वेळी घे. नंतर जुळता रंग मिळत नाही. आणि रिब ताणून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. दहा सेंटीमीटर पकडून सोळापर्यंत ओढ आणि सोड. परत दहावर आली तरच घे, साडेदहा-अकरावर रेंगाळली तर राहू दे. असली रिब महिन्याभरात मनगटावर लोंबते.

घरी आणलं की आधी धू. हे मी फार महागात शिकले आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांच्यासाठी मरून रंगाचा स्वेटशर्ट शिवला. दुकानदार म्हणाला, कापड आटणार नाही. मी विश्वास ठेवला, तसंच कापलं, तसंच शिवलं, आणि सुरेख बसलाही. पहिल्या धुण्यानंतर यांनी तो घातला, शेंगदाण्याचा डबा काढायला हात वर केला आणि पोट उघडं पडलं. उरलेला तुकडा मोजून, धुऊन, परत मोजला. मीटरला सहा सेंटीमीटर आटला होता, तोही लांबीत. रुंदीत फारसा फरक नव्हता. सुती होजिअरी अशीच उभी आटते. अमेरिकेत चॅम्पियन नावाच्या कंपनीने १९३० च्या दशकात यावर एक उपाय काढला: स्वेटशर्टचं कापड उभ्याऐवजी आडवं कापायचं आणि ताणासाठी दोन्ही कुशींना रिबच्या पट्ट्या घालायच्या. आपल्याला इतकं करायची गरज नाही. पुढे कपडा जसा धुणार आणि वाळवणार आहेस, तसंच कापड आणि रिब दोन्ही एकदा धुऊन वाळव. आणि वाळत घालताना तारेवर लोंबवू नकोस, आडवं पसर.

मापासाठी नवा तक्ता शोधत बसू नकोस. तुला नीट बसणारा जुना टी-शर्ट खाकी कागदावर पसर, कडेने पेन्सिल फिरव, छातीला एकूण दहा-बारा सेंटीमीटर सैलपणा वाढव आणि शिवणीला एक सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, सोड. पाठ, पुढा, बाही, एवढेच तुकडे. कापताना उभा धागा बघ, म्हणजे सुलट बाजूला ज्या उभ्या रेघा दिसतात त्या. तुकडा त्यांना धरून ठेवला नाहीस तर धुतल्यावर कुशीची शिवण पोटावर फिरून येते.

सुई बॉलपॉइंटचीच, म्हणजे गोलसर टोकाची, घाल. साधी टोकदार सुई फास तोडते, आणि तिथे ताण आला की छोटं भोक पडून उसवत जातं. चौदा नंबर घे. दोरा पॉलिएस्टरचा. तुझ्या मशीनवर सरळच टाका आहे, तेव्हा इंचाला दहा-बारा टाके बसतील इतका बारीक कर, शिवताना कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धर, आणि त्याच शिवणीवर दुसऱ्यांदा जा. नंतर दोन्ही हातांनी शिवण ओढ. तट्ट आवाज आला तर उसव आणि परत घाल. कडांसाठी कुठल्याही पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून मिळतं. शिवणीला लाटा आल्या तर दाबपट्टीचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब कमी कर आणि वाफेची इस्त्री नुसती टेकव, घासू नकोस. खांद्याला मात्र ताण नकोच. तिथल्या शिवणीत जुन्या सुती साडीच्या किनारीची सेंटीमीटरभर पट्टी घाल, म्हणजे जड बाह्यांनी खांदा खाली ओघळत नाही.

आणि आता गळा. स्वेटशर्ट हाताने शिवलेला आहे हे लोकांना गळ्यावरून कळतं, चांगल्या अर्थाने किंवा वाईट अर्थाने. गळ्याची कड टेप उभा धरून मोज. समज ६० सेंटीमीटर आली. रिब ५० ची घे, वर दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर माया. उंची आठ, म्हणजे दुमडल्यावर आणि माया गेल्यावर तीन उरते. रिबच्या रेघा उभ्या यायला हव्यात. टोकं जोडून गोल कर, उंचीत दुमड, चार सारखे भाग करून चार टाचण्या लाव. गळ्याचेही चार सारखे भाग कर. इथे बहुतेक जण चुकतात. त्यांना वाटतं दोन खुणा खांद्यांच्या शिवणीवर येणार. पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो, त्यामुळे पाठीचा मध्य आणि पुढ्याचा मध्य एकावर एक ठेवून गळा दुमडलास की बाजूच्या खुणा खांद्याच्या थोड्या पुढे पडतात. तिथेच लाव. खांद्याला धरून लावलंस तर पुढे रिब जास्त ताणली जाईल आणि मागे लोळेल. टाचणीला टाचणी जुळव, रिबची जोडणी पाठीच्या मध्यावर किंवा डाव्या खांद्यामागे ठेव, आणि शिवताना फक्त रिब ओढ, गळा जिथल्या तिथे राहू दे. एक पाव भाग झाला की थांब, सुई खाली ठेवूनच हात हलव. मशीनवरून काढल्यावर गळा आक्रसलेला, केविलवाणा दिसेल. घाबरू नकोस. वाफ दिलीस की रिब आत ओढून घेते आणि गळा छातीवर सपाट बसतो. तो क्षण मला अजूनही तितकाच आवडतो.

तुझा स्वेटशर्ट दोनतीनदा धुऊन झाला, काय चुकलं ते कागदावर टिपून झालं, की बाबांच्या हुडीकडे वळ.

तू लिहिलंस की त्यांच्यासाठी मऊमऊ पोलर फ्लीस बघून ठेवलं आहेस. ते घेऊ नकोस. पोलर फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. बाबा थंडीत रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जातात, आणि पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ठिणगी उडाली तर पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. पिंजलेल्या सुती कापडाची लवही वरच्यावर भुर्रकन पेट घेते, म्हणून त्यांच्यासाठी लव नसलेलं, पूर्ण सुती, जाड लूपनिट घे. सुतीही जळतं, शेकोटीपासून लांब राहायचं ते राहायचंच, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. कापडाच्या कडेचे चार दोरे काढ, चिमट्यात धरून पेटव. कागदासारखा वास आणि बोटाने चुरडेल अशी राख आली तर सुती. आकसून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

टोपीचं माप त्यांच्या डोक्यावर कानटोपी असताना घे. मानेच्या एका बाजूच्या खड्ड्यापासून डोक्यावरून पलीकडच्या खड्ड्यापर्यंत टेप ने आणि त्यांना व्हॉल्व्ह फिरवायला वाकतात तसं वाकायला सांग. वाकल्यावर टेप जिथवर लागेल ते माप. त्याच्या निम्म्यात तीन सेंटीमीटर मिळव, ती टोपीची उंची. खोली कमीच ठेव. दुकानातल्या हुडीची टोपी गालांच्या पुढे येते आणि बाजूचं दिसत नाही. रात्री बांधावरून चालणाऱ्या माणसाला बाजूचं दिसायलाच हवं. नाडी अजिबात घालू नकोस. मोटारीच्या पट्ट्यात, ट्रॅक्टरच्या शाफ्टमध्ये लोंबती नाडी अडकली तर काय होतं ते तुला सांगायला नको. टोपीच्या कडेला रिब लाव, ती आपोआप धरून राहते.

पोटावरचा तो मोठा खिसा बाबांच्या कामाचा नाही. वाकलं की मोबाइल पाटात. डाव्या छातीच्या आतून चेन असलेला खिसा कर आणि बाहेर उजवीकडे बॅटरी मावेल असा एक खोल उभा खिसा. बाह्यांचं कफ मनगटावर मोजू नकोस. त्यांचे हात सारखे पाण्यात असतात, बाही कोपराच्या वर सरकली पाहिजे आणि तिथे थांबली पाहिजे. कोपराखालचा सगळ्यात जाड भाग मोज, रिब ताणून त्या मापाला सहज पोचते का बघ.

स्वेटशर्टची सुरुवात तुला माहीत आहे का? १९२० च्या दशकात अमेरिकेत अलाबामात फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाला लोकरी जर्सी टोचायची. वडिलांची कापडगिरणी होती, रसेल त्यांचं आडनाव. त्यांच्याच गिरणीतल्या जाड सुती होजिअरीतून मुलासाठी सैल जर्सी तयार झाली. आणि डोक्यावर टोपी आली ती न्यूयॉर्क राज्यातल्या गारठलेल्या गोदामांत राबणाऱ्या माणसांसाठी. तेव्हा रात्री पाणी भरणाऱ्या बाबांसाठी तू हुडी शिवतो आहेस, हे मला अगदी योग्य वाटतं.

आजीला टोपी नको, अंबाड्यावर बसत नाही. तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, म्हणून पुढून पूर्ण उघडणारा कर. चेनच्या टोकाला रिबचं बोटभर फासकं लाव, तिला बारीक कडी चिमटीत धरता येत नाही. बाही रॅग्लन घे, म्हणजे शिवण गळ्यापासून काखेत तिरकी उतरते आणि हात घालायला जागा मिळते. मापं मात्र ती लुगडं नेसलेली असताना घे. डाव्या खांद्यावर पदराचे थर असतात, ते धरून माप यायला हवं. खालचा घेर रिबने आवळू नकोस, निऱ्यांवर चढतो. नुसता दुमडून शिव आणि कुशीला चार बोटं उघडा ठेव.

छोटीला फक्त दोन गोष्टी. कफ दुप्पट लांब ठेव आणि दुमडून दे, दोन वर्षं जातील. आणि टोपीला नाडी नको. तिला हवी असेल, हट्ट करेल, तरी नको. घसरगुंडीत नाडी अडकून मुलं दगावली, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांच्या गळ्याला नाडी नको असं बजावलं. वेणीसारखी रंगीत दोरी तिला हवीच असेल तर वरून सपाट शिवून टाक.

तू खर्चाचं विचारलंस. बाजारात थंडीत जे तयार स्वेटशर्ट येतात, त्यांच्यापेक्षा स्वस्त पडणार नाही. चांगली रिब आणि चांगली चेन यांतच बरेच पैसे जातात. ते वाचवू नकोस, कारण कपडा आधी तिथेच जातो.

डिसेंबरात सुट्टीला येशील तेव्हा तुझा पहिला स्वेटशर्ट अंगात घालून ये, इस्त्री करू नकोस, मला तो जसा आहे तसा उलटा करून बघायचा आहे. बाबांची मापं मी घेऊन ठेवणार नाही, तूच घे. टेप लावला की ते छाती फुगवून ताठ उभे राहतील. त्यांना काहीतरी विचार, या वर्षीच्या छाटणीचं विचार, आणि बोलता बोलता मोज. माझ्याकडे गडद निळी रिब आहे, सव्वा मीटर. उद्या ऊन पडलं की धुऊन पसरते.

तुझी,
शेजारची काकू