टक् वाजतं आणि इंजिन ढिम्म

प्रश्न: माझ्या बोटीत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. चावी फिरवली की एकदाच ‘टक्’ वाजतं आणि इंजिन ढिम्म. चार-पाच वेळा फिरवल्यावर कधीतरी झटक्यात सुरू होतं. बॅटरी नवी घातली, स्टार्टर उघडून दुरुस्त करून आणला. मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो. आता नवा स्टार्टर घेऊ का?

उत्तर: थांबा, इतक्यात नको. १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली आहे, एवढंच. तेही तुम्ही पाहिलंत इंजिन झोपलेलं असताना. स्टार्टर जोर लावतो तेव्हा सहज २०० अँपियर ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडावर ०.०१ ओहमचा रोध असला, तरी २ व्होल्ट तिथंच जिरतात. आणि मीटरच्या बझरवर (तार जोडलेली असली की वाजतो तो) तर मुळीच जाऊ नका. केबलमधली एक तार शाबूत असली तरी तो खुशाल वाजतो.

तुमचं ते एकच खणखणीत ‘टक्’ कामाचं आहे. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला जोडलेला चुंबकी स्विच, ओढला जातोय, म्हणजे चावी, फ्यूज, न्यूट्रलचा स्विच यांच्यामागे लागू नका. ‘किट-किट-किट’ वाजलं असतं तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं आधी बघा म्हटलं असतं.

आता मोजायचं ते चावी फिरवत असताना. दोन माणसं लागतील. स्टॉपची तार ओढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा. (मी तेवढ्या वेळापुरती चावीला लाल चिंधी बांधतो. एकदा कॉक उघडायचा विसरलो आणि पंपाच्या रबरी पंख्याचे तुकडे उचकटत बसलो.) मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर, दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर, बॅटरीची केबल येते त्या. खुंटावर म्हणजे खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येच अनेकदा गोम असते. दुसऱ्याला पाच सेकंद चावी धरायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर ती बाजू ठीक. मग तेच मायनसच्या बाजूला: बॅटरीचा मायनस खुंट ते स्टार्टरची बॉडी. इथं ०.३ च्या वर गेला तर मला खटकतं. जिथं जास्त दिसेल तिथं एकेक जोड घेत पुढं सरका. बॅटरीचा मेन स्विचही त्याच वाटेवर आहे, तो विसरू नका. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर काड्या टेकवा. ‘टक्’ झाल्यावरही तिथं १२ च्या आसपास दिसत राहिले, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. तेवढा सोलेनॉइड बदला.

माझा अंदाज मायनसवर आहे. मी स्वतः एका बोटीचा स्टार्टर दोनदा दुरुस्तीला धाडला होता. दोष निघाला इंजिनच्या पायाजवळ बोल्टनं आवळलेल्या मायनसच्या थिंबलमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत. वरून चकचकीत, बोल्ट घट्ट. रबरी नळी ब्लेडनं चिरली तर आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, चिमटीत धरल्या तर हिरवट भुकटी हाताला लागली. अशी केबल घासून सुधारत नाही. कलई केलेल्या तारांची नवी घ्या, थिंबल नीट दाबून बसवा. इंजिनाचा रंग जिथं बोल्टखाली आलाय तो पॉलिश पेपरनं खरवडून धातू उघडा करा.

प्रश्न: पेट्रोल इनबोर्डला (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला) मोटारगाडीचा स्टार्टर तंतोतंत बसतो. चालेल का?

उत्तर: बसेल. लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते. बोटीचा स्टार्टर असा बंदिस्त केलेला असतो की आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटत नाही. गाडीच्या स्टार्टरला ती काळजी घ्यावी लागत नाही.

प्रश्न: डिझेल इंजिन पकडत नव्हतं म्हणून दहा-बारा वेळा स्टार्टर मारला. शेवटी ‘धप्’ करून अडकलं. बॅटरी बसली का?

उत्तर: बॅटरी बसली तर इंजिन हळूहळू मंदावतं, असं ‘धप्’ करत नाही. पुन्हा चावी फिरवू नका. बहुतेक सिलिंडरमध्ये पाणी गेलंय. स्टार्टर मारताना पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं इंजिनात शिरतं. पाणी दाबलं जात नाही. जोर केलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

कॉक बंद करा, सायलेन्सरमधलं पाणी काढा, इंजेक्टर काढा आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून हातानं इंजिन फिरवा. भोकांतून पाणी उडेल, तोंड बाजूला ठेवा. तेल दुधाळ दिसलं तर बदला, आणि ते पुन्हा दुधाळ झालं तर पुन्हा बदला. हे सगळं आजच करा. खारं पाणी रात्रभर आत राहिलं तर उद्या पाना फिरेलच असं नाही.