'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' आज बघण्यासारखी आहे का? त्यात कोणकोण मोठे स्टार पाहुणे म्हणून आले होते?

बघण्यासारखी आहे, अगदी नक्की आहे. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की "एवढे एपिसोड कोण बघणार, फक्त मोठ्या स्टार्सवाले सांगा", त्यावर माझं जरा भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मी ही मालिका बघितली लॉकडाउनमध्ये, आईबरोबर. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून धावतं समालोचन करायचे. आता आमची आई म्हणजे सीआयडीची जुनी खेळाडू. तिचा साधा हिशोब असा की इन्स्पेक्टर लोकांना काही होणार नाही, ते पुढच्या आठवड्यात परत यायचेत, आणि पाहुण्यांमध्ये जो जरा ओळखीचा नट दिसेल तोच खुनी, कारण उगाच एवढे पैसे देऊन त्याला कोण बोलावणार! दहातल्या आठ वेळा ती बरोबर निघते आणि मग जाहिराती लागल्या की भाजी निवडायला घेते.

हिचकॉकमध्ये हा हिशोब चालतच नाही. दर आठवड्याला गोष्ट नवी, माणसं नवी, शहर नवं, कायमचा म्हणून फक्त एकच माणूस, तो जाड्या हिचकॉक, सस्पेन्स सिनेमांचा प्रसिद्ध दिग्दर्शक, जो सुरुवातीला येऊन 'गुड ईवनिंग' म्हणतो आणि शेवटी येऊन जातो. (नऊ रेघांत काढलेलं ते त्याचं चित्र त्याने स्वतःच काढलेलं आहे, आणि ते ठुमकत ठुमकत वाजणारं संगीत गुनो या फ्रेंच संगीतकाराचं, कळसूत्री बाहुलीच्या अंत्ययात्रेचं. त्याची ती भाषणं मात्र जेम्स अ‍ॅलार्डिस नावाचा माणूस लिहून द्यायचा.) नायकच नाही म्हटल्यावर वाचणार कोण, मरणार कोण, पकडला जाणार कोण, काहीच सांगता येत नाही. पाहुणा कलाकार म्हणजे इथे शोभेला आणलेला नाही, तोच त्या दिवसापुरता मालक, आणि मालकाचाही मुडदा पडू शकतो. सगळा सस्पेन्स मला वाटतं इथून येतो, ट्विस्टमधून नंतर.

थोडी माहिती देते. मालिका २ ऑक्टोबर १९५५ ला अमेरिकेत सीबीएस या चॅनेलवर सुरू झाली, अर्ध्या तासाचे भाग, ते १९६२ पर्यंत चालले, मधेच १९६० ला एनबीसी या दुसऱ्या चॅनेलवर गेली. मग एक तासाची केली आणि नाव बदलून 'आल्फ्रेड हिचकॉक अवर', ती १९६५ ला बंद झाली. सगळे मिळून साडेतीनशेच्या वर भाग. पण सगळे हिचकॉकने केले असं समजू नका हां, त्याने स्वतः दिग्दर्शन केलेले अर्ध्या तासाचे १७ आणि तासाचा १, बस. निर्मितीचा सगळा गाडा ओढला जोन हॅरिसन या बाईने आणि नंतर तिच्या जोडीला नॉर्मन लॉइडने. जोन हॅरिसन हिचकॉककडे सेक्रेटरी म्हणून लागली होती आणि पुढे त्याच्या सिनेमांच्या पटकथा लिहायला लागली, तिच्यावर कोणी वेगळा प्रश्न विचारला तर मी अजून एवढं लिहीन.

आता स्टार. 'मॅन फ्रॉम द साउथ' नावाचा १९६० चा भाग आहे, रोआल्ड डालच्या कथेवरचा. स्टीव्ह मॅक्वीन, तेव्हा तो टीव्हीवरच्या एका वेस्टर्नमुळे ओळखीचा झालेला, सिनेमातला मोठा हिरो व्हायचा होता. त्याच्यासोबतची मुलगी नील अ‍ॅडम्स, त्याची तेव्हाची खरी बायको. आणि समोर पीटर लॉरे, ज्याला हिचकॉकने १९३४ सालीच आपल्या सिनेमात व्हिलन केलं होतं. जागा लास व्हेगासचं हॉटेल. म्हातारा म्हणतो, तुझा लायटर लागोपाठ दहा वेळा पेटव, पेटला तर माझी गाडी तुझी, नाही पेटला तर तुझ्या डाव्या हाताची करंगळी माझी. बस, एवढीच गोष्ट. हात टेबलाला बांधलाय, म्हातारा सुरा घेऊन उभा, एक जण मधे उभा राहून आकडे मोजतोय, आणि लायटरचा तो खट् आवाज. आईला समालोचनाची गरजच पडली नाही. ती स्वतःच मोजायला लागली, तीन... चार... आणि पाचला तिने माझं मनगट धरलं. लॉरेला ती शेवटपर्यंत "तो बेडकाच्या डोळ्यांचा" म्हणत होती, मॅक्वीनला नुसतं "पोरगा". पोराची करंगळी जाणार की राहणार हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि मला मात्र डोक्यात सारखं होतं की अरे हा स्टीव्ह मॅक्वीन आहे, याचं काय होणार. म्हणजे बघा, जास्त माहिती असणारी मीच कमी घाबरले. पुढे काय होतं ते सांगणार नाही.

उलटं पण होतं. 'ब्रेकडाउन', १९५५, पहिल्याच सीझनचा, हिचकॉकने स्वतः केलेला. जोसेफ कॉटन म्हणजे त्या वेळचा सिनेमातला खराखुरा मोठा नट, लोक त्यालाच बघायला बसले असणार, आणि त्याला दिलंय काय तर एका अ‍ॅक्सिडेंटनंतर गाडीत अडकून पडलेला माणूस, डोळे उघडे, शरीर लाकूड, जिवंत आहे पण हलतं फक्त एक बोट. बराच वेळ पडद्यावर त्याचा थिजलेला चेहरा आणि मागून त्याच्या मनातला आवाज, बाकी काही नाही. लोक येतात, मेलाय समजून जातात. एवढा पैसेवाला नट आणून त्याला हलूच द्यायचं नाही, याला हिंमत लागते राव.

बाकी नावं म्हणाल तर ढीग आहे: पहिल्याच भागात व्हेरा माइल्स, मग बेटी डेव्हिस, क्लॉड रेन्स आणि त्याच्याच भागात कोवळा चार्ल्स ब्रॉन्सन, जोअ‍ॅन वुडवर्ड, वॉल्टर मॅथाऊ, बर्ट रेनल्ड्स, पीटर फॉक, 'द ग्लास आय'मध्ये जेसिका टँडी आणि विल्यम शॅटनर, शिवाय हिचकॉकची स्वतःची मुलगी पॅट्रिशिया दहा भागांत. १९६१ च्या 'द राइट काइंड ऑफ मेडिसिन'मध्ये जखमी होऊन औषध शोधत फिरणारा चोर आहे रॉबर्ट रेडफर्ड. आई म्हणाली, "दिसायला बरा आहे, पुढे आला का काही?" रेडफर्डसाठी म्हणून तेवढाच शोधून बघाल तर ठीकठाक आहे, फार अपेक्षा नको.

कोणाचं नाव माहीत नसेल तरी बघाच असा एक म्हणजे 'बँग! यू आर डेड', १९६१. सात वर्षांचा बिली मुमी, खेळण्यातलं पिस्तूल समजून काकाच्या बॅगेतलं खरं घेऊन गावभर फिरतो, सुपरमार्केटमध्ये जातो, समोर येईल त्याच्यावर रोखतो आणि एकेक करून गोळ्या भरत जातो. यात स्टार म्हणजे ते पिस्तूल. या भागाला हिचकॉक सुरुवातीला एकही जोक मारत नाही, त्यावरूनच समजा.

आणि त्याच्या त्या जोकबद्दल. 'लॅम्ब टू द स्लॉटर' (१९५८, बार्बरा बेल गेडेस, ही पण डालची कथा) बहुतेकांना माहीत असते, बायको फ्रीजरमधल्या गोठलेल्या मटणाच्या तंगडीने नवऱ्याच्या डोक्यात घालते आणि मग तीच तंगडी ओव्हनमध्ये भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते. गोष्टीत बाई सुटते. पण तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीवर गुन्हेगार सुटलेला चालायचा नाही, म्हणून हिचकॉक शेवटी येऊन गंभीर चेहऱ्याने सांगतो की दुसऱ्या नवऱ्याला तसंच मारताना ती पकडली गेली, कारण तो बाबा फ्रीजरचा प्लग लावायला विसरला होता आणि मटण मऊ पडलं होतं. नियम पाळला पण आणि नियमाची टोपी पण उडवली. हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की मला भाग थांबवून ठेवावा लागला. अर्थात सगळंच त्याला सुटलं नाही, जादूगार बाईला करवतीने कापतो त्यावरचा 'द सॉर्सरर्स अप्रेंटिस' हा भाग फारच भीषण म्हणून तेव्हा दाखवलाच नाही.

हिचकॉकचा १९६० चा 'सायको' सिनेमा बघितला असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तिथेच आहे. तो त्याने बराचसा या मालिकेच्या माणसांना घेऊनच, कमी पैशात, ब्लॅक अँड व्हाइट केला, कॅमेरामन जॉन रसेलसुद्धा इथलाच. आणि जॅनेट लीसारखी हिरोइन अर्ध्या सिनेमात संपवून टाकली. पाच वर्षं दर आठवड्याला हाच खेळ चालू होता ना, पाहुण्याची खात्री धरायची नाही.

तासाभराचे भाग मला पाण्यात वाढवलेल्या आमटीसारखे वाटले, पण १९६५ चा 'अ‍ॅन अनलॉक्ड विंडो' त्याला अपवाद, वादळी रात्र, आडबाजूचं घर, नर्सेसना मारणारा मोकाट सुटलेला. तो एकट्याने बघू नका.

पहिल्या दिवशी 'ब्रेकडाउन', लगेच 'मॅन फ्रॉम द साउथ', कलाकारांची नावं आधी गुगल न करता. 'लॅम्ब' जेवणानंतर. आणि जेवायला मटण असेल तर दुसऱ्या दिवशी.