मोटर फिरतीय, आरसा हालत नाही

प्रश्न : नमस्कार दादा. मी परभणीहून गंगाखेडला शाळेवर अपडाऊन करतो. गाडी २०१६ ची आहे. उजव्या बाजूचा आरसा बटन दाबलं की मिटायचा, आता नुस्ता घुर्रर्र आवाज येऊलालाय अन् आरसा जाग्यावरच. वर तो ढिला पण पडलाय, गाडी ऐंशीच्या पुढं गेली की वाऱ्यानं आपोआप मागं झुकतो. मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक मोटरसायकलवाला आरशाला ठोकून गेला, तवापासून हे सुरूय. काच मात्र बटनावर वरखाली डावी उजवी सगळी नीट फिरते. गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या बघितलं अन् म्हणला मोटर गेली, पूर्ण असेंब्ली (अख्खा आरसा डब्यासकट) नवी टाका. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मल्टीमीटर घरात आहे, सोल्डरिंग येतं. घरीच उघडून बघू का? – एक वाचक, परभणी

उत्तर : बघा ना सर, पण आज नाही. आधी तुम्ही स्वतःच लिहिलेलं परत एकदा वाचा, तुम्ही आवाज येतोय म्हणता अन् गॅरेजवाला मोटर गेली म्हणतो, दोन्ही एका वेळी कसं होईल. मेलेली मोटर घुर्र करत नसते. आरशात छोट्या छोट्या तीन मोटरी असतात, दोन काच फिरवायला (एक वरखाली, एक आडवी) अन् तिसरी अख्खा आरसा मिटवायला. तुमच्या तिन्ही जिवंत आहेत.

आता ढिला का पडला ते बघू. आरशाच्या बुडाशी जो खुंटा असतो त्याच्यावर खाचा असतात अन् एक दणकट स्प्रिंग वरून दाबून धरते. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, कुणी ठोकलं तर आरसा तुटायच्या ऐवजी खाचेतून सुटून मागं वळावा म्हणून. तुमचा तसाच सुटलाय अन् मग तुम्ही तो हातानं जाग्यावर आणला असणार, सगळेच आणतात, पण हातानं आणला की आतल्या गिअरचा अन् खाचेचा मेळ राहत नाही, मोटर फिरती पण पकड नाही. म्हणून आवाज पण अन् ढिलेपणा पण.

तर पहिला उपाय फुकटचा. गाडी ऑन करा, मिटायचं बटन दाबा, आवाज आपोआप बंद होऊ द्या, मग उघडायचं दाबा, परत बंद होऊ द्या. असं तीन चार वेळा. मध्येच एकदा खट्ट असा मोठा आवाज येईल, बायकोपोरं दचकतील इतका, तो खाचेत बसल्याचा आवाज. बसला तर हे पान इथंच मिटा अन् चहा घ्या. लई गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं अन् गिऱ्हाईक असेंब्ली बदलून बसलेलं असतं.

नाही बसला तर मग कान लावा. सलग हलका घुर्र येत असंल तर मोटर फिरतीय पण पुढं ताकद जात नाही, म्हणजे वर्म गिअर (मोटरीच्या दांडीवरचा स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) शाफ्टवर सटकतोय नाहीतर चिरलाय. टक टक टक येत असंल तर दात उडालेत. एकदाच टिक होऊन गप्प होत असंल तर करंट निघतोय पण मोटर जाम आहे किंवा वायर तुटलीय. अन् काहीच आवाज नसंल तर आरशाला हात लावायच्या आधी फ्यूज बघा. गॅरेजवाल्यानं हे चार आवाज ऐकायला पाच मिनिटं दिली असती तर बरं झालं असतं, असो.

तुमच्याकडं मीटर आहे तर वायरिंग पण तपासून टाका. दाराच्या आतून आरशाच्या जागी एक त्रिकोणी प्लॅस्टिक असतं, ते प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळू उचकटा, पेचकस घालू नका, रंगाला अन् क्लिपला दोन्हीला खातो. (काही गाड्यांत पूर्ण डोअर पॅड काढावा लागतो.) मागं कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा सॉकेट) दिसंल. मिटवायच्या मोटरीच्या दोन वायरी असतात, बटन दाबल्यावर त्यांच्यात बारा व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे अन् उलटं बटन दाबलं की मीटरवर मायनस. तुम्हाला वेगळं सांगायला नको, डीसी मोटर उलटी फिरवायची म्हणजे प्लस मायनसची अदलाबदल, बाकी काही जादू नाही. फक्त हा करंट काही सेकंदच राहतो, नंतर सर्किट स्वतःच तोडतं, त्यामुळं एकट्यानं होत नाही, एखादं पोरगं बटनावर बसवा.

अन् इथं एक कळकळीची विनंती. मिटवायच्या मोटरीला थेट गाडीच्या बॅटरीवर जोडून धरू नका. आरसा टोकाला गेला की मोटर थांबती पण करंट थांबत नाही, लगेच तापून जळती. नुस्तं टेकवायचं अन् काढायचं, तेही मध्ये छोटा फ्यूज ठेवून. काच फिरवायच्या मोटरी तर नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर पण आरामात तपासता येतात.

आता उघडायचंच ठरलं तर वेळ दुपारची घ्या. डिसेंबरच्या सकाळी थंड प्लॅस्टिकच्या क्लिपा कटकन तुटतात, उन्हात गाडी तासभर ठेवली की नरम पडतात. (मे महिन्यात मात्र सावलीतच करा, हात भाजतो.) काचेवर आडवी उभी चिकटपट्टी मारा म्हणजे फुटली तरी सांडणार नाही. बटनानं काच एका बाजूला पूर्ण झुकवा, उघड्या पडलेल्या फटीतून पट्टी घाला अन् मागच्या प्लॅस्टिकला धरून सरळ आपल्याकडं ओढा, काचेची कड धरून नाही. मागं हीटरच्या दोन वायरी असल्या तर काढून घ्या. मग बाहेरचं रंगीत कव्हर क्लिपांवर असतं ते निघतं, अन् आतले स्क्रू, बऱ्याचदा स्टार बिटचे.

अख्खा आरसा दारावरून काढायचा तर त्रिकोणाच्या मागं बहुतेक तीन नट असतात, दहाच्या पान्याचे. नट सोडायच्या आधी खालच्या फटीत फडकं कोंबा. मी एकदा कोंबलं नव्हतं. एक नट दाराच्या पोटात पडला अन् आळस करून तसाच ठेवला, पुढचे सहा महिने दार लावलं की खुळखुळा वाजायचा, पाहुणे विचारायचे दारात काय ठेवलंय.

पुढं खरी मेहनत आहे. खुंट्यावरची ती स्प्रिंग पत्र्याच्या लॉकवॉशरनं दाबून धरलेली असते, ती सुटली की बंदुकीसारखी उडते, डोळ्याला चष्मा लावा अन् पोरांना लांब बसवा. दुसरं म्हणजे वायरी त्या खुंट्याच्या पोकळीतून गेलेल्या असतात, त्यामुळं मोटरीचा डबा बाहेर काढायचा तर कपलरच्या पिना एक एक काढाव्या लागतात नाहीतर वायरी तोडाव्या लागतात. मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय एक पिन काढायची नाही. रंग लक्षात राहतील असं वाटतं, राहत नाहीत, अन् मग आरसा मिटायचं बटन दाबल्यावर काच आभाळाकडं बघती.

डबा उघडला की आत छोटी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म, मग एकदोन गिअर अन् शेवटचा मोठा गिअर खुंट्यावर. प्रत्येक दात नखानं चाचपून बघा. वर्म प्लॅस्टिकचा असंल तर लांबीच्या दिशेनं केसासारखी चीर असते, बारीक उजेडाशिवाय दिसत नाही. फेव्हिक्विकनं चिकटवायचा मोह होतो, आठवडा टिकतं, अन् जास्तीचा थेंब बेअरिंगमध्ये गेला तर जी मोटर चांगली होती ती पण जाते. दात उडालेला गिअर तर चिकटवून चालतच नाही.

मग गिअर आणायचा कुठून? सुटा मिळणं अवघड, तिथं असेंब्लीवाले बरोबर म्हणतात. पण ठोकलेल्या गाडीचा त्याच मॉडेलचा आरसा जुन्या पार्टच्या दुकानात मिळतो, संभाजीनगरला, नांदेडला अशी दुकानं आहेत. काच फुटलेला, कव्हर गेलेलं असलं तरी चालंल, आपल्याला आतला डबा पाहिजे. उजवीकडचाच घ्या, डावा उजवा आतून उलटे असू शकतात. दुकानातच खुंटा हातानं फिरवून बघा, खाचेत बसताना खटका जाणवला पाहिजे.

मोटरच जड फिरत असंल तर मागच्या झाकणाचे कान हळूच सरळ करून उघडा. कार्बनचा (मोटरीला करंट पोचवणाऱ्या घासत्या तुकड्यांचा) भुगा कम्युटेटरच्या, म्हणजे ते तुकडे ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात त्याच्या फटीत बसलेला असतो, आपल्याकडं तर काळ्या रानाची धूळ पण असते, आयसोप्रोपिल अल्कोहोल अन् कानातल्या काडीनं पुसून काढा. कार्बन संपलेलेच असतील तर नवी मोटर, पण शाफ्टची जाडी अन् लांबी मोजून जुळवा. ग्रीस टाकताना चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस टाकू नका, ते धूळ गोळा करतं अन् काही प्लॅस्टिकला फुगवतं. पांढरं सिलिकॉन ग्रीस, तेही तांदळाएवढं.

दाराला बसवायच्या आधी कपलर जोडून हवेतच एकदा चालवून बघा. अन् दसऱ्याला गाडीची पूजा झाली की आरशाला बांधलेला झेंडूचा हार सोडूनच बटन दाबा. हाराचा दोरा खुंट्यात गुंडाळून गिअर गेलेला आरसा मी उघडलाय, आत अजून पिवळ्या पाकळ्या होत्या.

प्रश्न : आरशाची फक्त काच फुटली. लातूरला काचवाला म्हणतो शंभर दोनशेत कापून चिकटवून देतो. करू का? – एक वाचक, औसा

उत्तर : गावापर्यंत यायला करा, कायमची करू नका. कंपनीची काच किंचित फुगीर असते, त्यामुळं तिच्यात मागचा जास्त रस्ता मावतो. ड्रेसिंग टेबलची सपाट काच लावली की तेवढ्याच आकारात कमी दिसतं, शेजारून घुसलेली मोटरसायकल नेमकी त्याच न दिसणाऱ्या पट्ट्यात असते. वरून ती काच जाड, जड. आतली मोटर पातळ काचेच्या हिशोबाची असते, जड काचेनं खड्ड्यात आरसा थरथरतो अन् काही दिवसांनी काच आपोआप खाली झुकायला लागती, मग तुम्ही मलाच लिहिणार मोटर गेली म्हणून. मागच्या प्लेटसकट तयार काच मिळते, ती घ्या, नुस्ती दाबली की क्लिपात बसते. दाबताना तळहातानं मधोमध, कडेला दाबली की तडकते.

प्रश्न : माझ्या गाडीचे दोन्ही आरसे एकाच दिवशी बंद पडले, आवाज पण नाही. दोन्ही मोटरी बदलाव्या लागतील का? – एक वाचक भगिनी, उदगीर

उत्तर : नाही ताई, दोन्हीकडच्या मोटरी एकाच दिवशी ठरवून मरत नाहीत. आधी बटनाचा डावा-उजवा खटका बघा, तो मध्ये राहिला असंल तर कुठलाच आरसा हालत नाही, धुवायला दिलेली गाडी परत आली की हे हमखास होतं. मग फ्यूज. फ्यूज चांगला असंल तर ड्रायव्हरचं दार उघडून बिजागरीजवळची रबराची नळी बघा, बटन त्या दारावर म्हणजे सगळा करंट त्याच नळीतून येतो, अन् रोज उघडझाप होऊन वायरी आतून तुटतात, वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं. एकजण बटन दाबून धरा, दुसऱ्यानं दार हळूहळू हलवा, मधूनच आरसा हालला की जागा सापडली. नवीन फ्यूज टाकल्यावर तो पण उडाला तर त्याच्यापेक्षा मोठा टाकायचा नाही, वायर कुठंतरी पत्र्याला घासतीय, ती शोधायची.